पारा लागला की विझते

चंदरचं डोकं तसं ठिकाणावर. बदलापूर गावात कुणाच्या अंगात आलं, तर हा बाबा आधी विचारणार, सकाळी जेवला होतास का रे? पण बायकोचे, गोदूचे हात थरथरायला लागले, चहाची बशी तोंडापर्यंत जाईना, तेव्हा गडी हलला. वर्षभर तोच तिला घास भरवत होता. डॉक्टर म्हणाला, पाण्यात पारा आहे का बघा. पाणी घरच्या विहिरीचं. मग काय, बुजवायची विहीर?

म्हणून पुतणीला बोलावलं. किर्ती उल्हासनगरच्या कॉलेजात केमिस्ट्री शिकते. पारा ओळखणाऱ्या औषधाच्या बोटाएवढ्या चार सीलबंद बाटल्या आणि दुकानदार नोटा तपासतात ती जांभळी बॅटरी घेऊन आली. भर दुपारी दारं-खिडक्या लावून अंधार केला. बॅटरी मारली तशा बाटल्या हिरव्यागार पेटल्या.

"मेलो! पारा!" चंदर ओरडला.

"उलटं असतं, काका. पेटली म्हणजे साफ. पारा लागला की विझते."

एका बाटलीत विहिरीचं पाणी टाकलं. उजेड तसाच. चंदरचा जीव भांड्यात पडला.

"सांगत नव्हते? उगाच माज्या विहिरीला नावं ठेवता!" गोदूनं कौतुकानं दुसरी उचलली. बूचसुद्धा उघडलं नव्हतं.

बाटली विझली.

किर्तीनं घेतली, हलवली, पुन्हा बॅटरी मारली. काळीच. "सील तर तसंच आहे, काकी."

गोदूचं तिकडे लक्षच नव्हतं. हाताकडे बघत होती. थरथर कमी झाली होती.

"अजून एक दे गं."

किर्तीनं काकाकडे बघितलं. चंदरला नको म्हणवेना. त्यानं स्वतःच उचलून दिली.

विझली.

मग चौथी. तीही.

विहिरीच्या पाण्याची तेवढी हिरवी राहिली. तिला गोदूनं हात लावला नव्हता.

"अवो, बगा तरी!" गोदू लहान पोरीसारखी हसली. हात दगडासारखा स्थिर. तो तिनं नवऱ्याच्या छातीवर ठेवला.

पांढरे कपडे त्या बॅटरीत चमकतातच, धुण्याच्या पावडरीनं. चंदरचा बनियन निळा पेटला होता. हाताखालचं निळं विझलं. मग हाताभोवतीचं.

"काका, मागं सरा," किर्ती हळूच बोलली.

चंदर सरला नाही. गोदूच्या हातावर त्यानं आपला हात ठेवला.

निळं आता खांद्यापुरतं उरलं होतं.

"बॅटरी बंद कर, पोरी," तो म्हणाला.