सगळ्यात लहान वचन

दार उघडलं तर समोर एक उंच मुलगा. एका हातात डबा, दुसऱ्या हातात हेल्मेट आणि चेहरा परीक्षेला उशीर झाल्यासारखा.

"मी अमोस. चर्चच्या तरुण संघाकडून... सांत्वनाला," तो कुजबुजला. "डब्यात नान-खलिया आहे, मटणाचा रस्सा अन् रोटी. मला फक्त भात येतो, तोही बुडाला लागतो. म्हणून शहागंजातून आणलं."

आत महिला मंडळाच्या मनकर्णाबाई बसल्या होत्या. त्यांनी कपाळाला हात लावला. कालच पप्पांना पुरलेलं. आमच्या मंडळीत अशा घरी चूल पेटू देत नाहीत, शेजारपाजारचे जेवण आणतात. पण ते वरण-भात. दुःखाच्या घरी मेजवानी कोण आणतं! आणि आलेल्यानं बायबलमधलं एक वचन म्हणायचं, ही रीत.

वचनं तर सकाळपासून ऐकत होते. 'रडू नको सुवार्ता, पप्पा प्रभूजवळ आहेत.' माझाही विश्वास होताच की! पण सगळ्यांनी मिळून मला इतका धीर दिला, की डोळ्यांतून टिपूस निघेना. आत सगळं कोंडलेलं. मला पप्पांसाठी रडायचं होतं हो!

"म्हणा वचन," मनकर्णाबाईंनी फर्मावलं.

अमोस उभा राहिला. घसा खाकरला. छताकडे पाहिलं... पंख्याकडे... माझ्याकडे. आणि गाडी तिथंच अडली.

"बजाजनगरपासून म्हणत आलो," तो म्हणाला. "आता नाय आठवत."

"एखादं तरी येत असेल!"

"एकच येतं. संडे स्कूलमधलं, सगळ्यात लहान." त्याचे कान लाल झाले. "मित्राच्या कबरीपाशी... येशू रडला."

संडे स्कूलमधली सगळी आळशी पोरं हेच वचन म्हणतात. मीही म्हणायचे, आणि पप्पा दर वेळी हसायचे. मला आधी हसू फुटलं, आणि हसता हसता मी धाय मोकलून रडायलाच लागले.

"अगं, अगं..." मनकर्णाबाई उठल्या.

"रडू द्या ना मावशी," अमोस म्हणाला. "तो नाय का रडला?" आणि स्वतःच नाक ओढू लागला. मनकर्णाबाईंनीही पदर डोळ्यांना लावला. मग आम्ही तिघांनी मिळून डबा संपवला.

वर्षभरात अमोस न लागलेला भात करायला शिकला, तोही आमच्याच स्वयंपाकघरात. पप्पांच्या वर्षदिवशी कबरीवर फुलं ठेवली, तर हा अचानक ताठ उभा राहिला. घसा खाकरला. कडुलिंबाकडे पाहिलं...

"काय रे?"

"लई मोठं बोलायचं होतं. पाठ करून आलो होतो."

"मग?"

"नाय आठवत."

"लहान येतंय का काही?"

कान लाल. "तू... आवडतीस मला."

पप्पा किती हसले असते! माझे डोळे भरून आले, आणि या वेळी कुणी 'रडू नको' म्हणालं नाही.

"व्हय," मी त्याच्याच बोलीत म्हणाले, "पण हे तरी विसरू नको."