इंजिन काढलेल्या गाडीची किक

मी अमरावतीच्या एका कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवते. ज्याचं मोजमाप घेता येत नाही, त्यावर मी सहसा बोलत नाही. पण हे घडलं आहे. यातला एकही आवाज मी वाढवलेला नाही.

सोमवार, १७ ऑक्टोबर २०२२. राजापेठ, आमच्या घराचा पोर्च. सकाळचे पावणेसहा.

आदल्याच दिवशी बाबांची जुनी स्कूटर पहिल्यांदा बॅटरीवर धावली होती.

बाबा, म्हणजे जानराव, मोर्शी तालुक्यात कृषी सहायक होते. तीस वर्षं ते त्याच स्कूटरवर संत्र्याच्या बागा फिरले. २०१८ च्या फेब्रुवारीत ते गेले. मागे आई आणि मी. गाडी विकायचं नाव काढलं की आई जेवायची नाही. शेवटी मी ठरवलं, गाडी घरीच बॅटरीवर करायची. चार रविवार लागले. टाकी काढून तिथे बॅटरी बसवली. मागच्या चाकात मोटर घातली. इंजिन तेवढं एकटीला उतरेना, म्हणून गल्लीतले मेकॅनिक रऊफभाई आले.

"लाइन गेली तं ढकलतच कॉलेजात जासान का, मॅडम?" ते हसले.

इंजिन पोत्यात बांधताना मात्र त्यांचा आवाज उतरला. "किकबी याच्यासंगंच गेली बरं."

इंजिन मी भंगारात दिलं.

सोमवारी मला जाग आली ती एका ओळखीच्या आवाजाने.

स्टँड... खट्.

मग सीटच्या स्प्रिंगांची कुरकुर. गाडी कोणीतरी एका बाजूला कलवत होतं. कार्बोरेटरमध्ये पेट्रोल उतरावं म्हणून जुनी स्कूटर अशीच कलवतात.

मग... किक.

पुन्हा किक.

मी दार उघडलं. गाडी स्टँडवर होती. फाटकाला आतून कडी होती.

कोणी नव्हतं.

मंगळवारी मी बॅटरीची वायर काढून ठेवली. आवाज आला. बुधवारी मोबाइलवर रेकॉर्डिंग केलं. अकरा मिनिटांच्या रेकॉर्डिंगमध्ये चिमण्या होत्या, शेजारचा नळ होता. किक नव्हती.

पण ती अकरा मिनिटं मी ती ऐकत होते.

गुरुवारी पाहिलं तर आई आधीच उठून पलंगावर बसलेली. डोळे दाराकडे.

"तुलेबी आयकू येते ना वं?" ती म्हणाली.

मी तिच्याशेजारी बसले.

"ते गेले तवापासून, चार वर्सं, मी आयकून राहिली. रोज दुसऱ्या किकेत चालू व्हायची. गल्लीच्या वळणापर्यंत आवाज जायचा. मले वाटे, गेले बाई बागेत, आता मी चहा मांडतो. तुले सांगतलं असतं तं तू हासली असती."

बाहेर किक बसली. आईने पदर तोंडाशी धरला.

"आता चालूच होऊन नाही राहिली त्यायची गाडी. आयक... धापा टाकून राहिले."

मी ऐकलं.

किक. मग श्वास. ओढून घेतलेला, तुटका.

त्या दिवसापासून आईने सकाळचा चहा सोडला. "त्यायचा जीव तिकडं वरखाली होऊन राहिला, अन मी इकडं घोट घेऊ?" मग दुपारची भाकरी सुटली. चार-पाच दिवसांतच ती भिंतीला धरून चालू लागली.

आता जे आईलाही कधी सांगितलेलं नाही, ते लिहिते.

बाबा गेले त्याच्या आदल्या रात्री स्कूटर मी नेली होती. परत येताना गल्लीच्या तोंडाशीच मी पेट्रोलचा कॉक, म्हणजे टाकीची तोटी, बंद केला. कार्बोरेटरमध्ये उरलेल्या पेट्रोलवर गाडी घरापर्यंत येते, हे मला माहीत होतं. थेंबही वाया जात नाही. त्या हुशारीचं मला कौतुक होतं.

बाबांनी तीस वर्षांत तो कॉक कधी बंद केला नव्हता. त्यामुळे तो बंद असेल हे त्यांच्या मनातही आलं नसणार. तिकडे मोर्शीला गारपीट झाली होती, शेतकरी पंचनाम्यासाठी खोळंबले होते. त्या सकाळी ते गाडी कलवत राहिले, किक मारत राहिले. वर्षभरापूर्वीच त्यांच्या हृदयात स्टेंट टाकला होता.

मी अंथरुणात होते. किका ऐकत होते. उठेन, सांगेन, असं म्हणता म्हणता डोळा लागला.

आईच्या ओरडण्याने उठले.

सव्वीस तारखेला, भाऊबीजेच्या सकाळी, मी पावणेसहाच्या आधीच पोर्चमध्ये जाऊन उभी राहिले. आई आत होती.

स्टँड खट् वाजलं. स्टँड हललं नव्हतं.

पेट्रोलचा वास आला... टाकी तर केव्हाच काढली होती.

किक.

श्वास माझ्यापासून हातभर अंतरावर होता.

किक.

"बाबा," मी म्हणाले, "कॉक बंद हाय. म्याच केलता, राती. तुमाले सांगाचं राहून गेलं."

श्वास थांबला.

मी पुढच्या किकेची वाट पाहिली. आकडे मोजले. साठ... शंभर... दोनशे.

वास विरून गेला. शेजारचा नळ वाहत होता, तेवढाच आवाज.

त्यानंतर किक ऐकू आलेली नाही. स्कूटर मी रोज कॉलेजला नेते. एका चार्जिंगमध्ये साठ किलोमीटर जाते. तक्रार काही नाही.

आई पुन्हा जेवू लागली. थोडं, मी वाढते तेवढं. पण अजून पावणेसहाला उठते, पोर्चचं दार उघडते आणि उंबऱ्यात बसून राहते. सात वाजतात, मग उठते.

मागच्या आठवड्यात तिने विचारलं, "तू त्या दिवशी काय बोलली वं त्यायले?"

"काही नाही."

रस्त्याकडे पाहतच ती हळूच म्हणाली,

"रागावून तं नाही ना गेले?"

"नाही," मी म्हणाले.

मला ते माहीत नाही.