उतरताना कार्ड टेकवा

शेजारच्या फोटो स्टुडिओतली लाईट गेली नसती, तर शिवयोगी आरोहीच्या ऑफिसात आलाच नसता.

मे महिन्यातली दुपार होती. नवी पेठेत चिटपाखरू नव्हतं. आरोहीच्या मालकांच्या, हुसेनसाबांच्या ट्रॅव्हल्समध्ये मात्र इन्व्हर्टरवर पंखा फिरत होता, आणि त्या पंख्याच्या ओढीनं एक उंच, घामाघूम मुलगा काचेचं दार ढकलून आत आला.

"मॅडम, पाच मिनिटं बसू का? फोटो काढायचाय, शेजारी लाईट गेलीय."

"कशासाठी फोटो?"

"सिंगापूरसाठी." मग जरा लाजून, "नोकरी लागलीय तितं. दवाखान्यात. ब्रदर हाय मी."

आरोहीनं त्याला नीट पाहिलं. शर्टाची बटणं वरपर्यंत लावलेली, आणि डोळ्यांत परीक्षेच्या आदल्या दिवशीची भीती. सिंगापूर तिला तोंडपाठ होतं. स्वतः ती पुण्याच्या पुढं कधी गेली नव्हती, पण गेली तीन वर्षं ती लोकांच्या सहली आखत होती. कुठली बस कुठं वळते हे ती खुर्चीत बसून सांगू शकायची.

"तिकीट?"

"एजंटानं काढलंय."

म्हणजे गिऱ्हाईकसुद्धा नव्हता! तरीही तिनं विचारलंच, "तिथं दवाखान्यात जाणार कशानं?"

"बसनं."

"आणि बसचं तिकीट?"

"कंडक्टर देईल की."

"कंडक्टर नसतो."

"न्हाय?" तो सरळ बसला. "मग ‘पुढं सरका’ म्हणून ओरडतं कोण?"

आरोही खळखळून हसली. त्या ऑफिसात बऱ्याच दिवसांत कुणी इतकं हसलं नव्हतं. मग तिनं त्याला सगळं समजावलं. एक कार्ड घ्यायचं. स्टेशनवरच्या मशीनमध्ये ते रिचार्ज करायचं, मोबाईलसारखं. बसमध्ये चढताना यंत्राला टेकवायचं. आणि मुख्य म्हणजे — उतरतानाही टेकवायचं. नाही टेकवलं, तर बस शेवटच्या थांब्यापर्यंत तुम्हाला नेलंय असं समजून सगळं भाडं कापून घेते.

"उतरताना कशाला? उतरणाऱ्याला कोण विचारतंय?"

इथंच तर सगळी गोची होती. सोलापुरातला माणूस बस थांबायची वाट बघत नाही. सात रस्ता जवळ आला की दारात उभा राहतो, बस जरा हळू झाली की टुणकन उतरून चालायला लागतो. शिवयोगीनं बावीस वर्षं हेच केलं होतं.

"सराव करा," आरोही म्हणाली. टेबलावर पितळी बेल होती, वरून दाबायची. ती तिनं पुढं सरकवली. "हे यंत्र. आधार कार्ड काढा. आत येताना टेकवायचं, जाताना टेकवायचं."

टिंग! आत आला. शेजारी लाईट आली तसा उठला, आभार मानले, आणि थेट फुटपाथवर.

"ओ! उतरताना!"

तो कपाळावर हात मारत परत आला. टिंग!

फोटो त्याला त्याच दिवशी मिळाला. तरी पुढच्या पंधरा दिवसांत तो सहा वेळा सरावाला आला. हुसेनसाब पासपोर्टांच्या गठ्ठ्यातून चष्म्यावरून बघायचे. सहाव्या वेळी त्यांनी विचारलंच, "बेटा, ये बच्चा अपना गिऱ्हाईक है क्या?"

"नाही, चाचा."

"फिर रोज काय कू आता?"

आरोहीनं कीबोर्ड उगाच जोरात बडवला. जायच्या दिवशी मात्र आईच्या हातची शेंगा चटणी, डबा भरून, तिनं त्याच्या हातात ठेवली. "लवकर संपवू नका," एवढंच म्हणाली.

*

तिसऱ्या दिवशी दुपारी दीड वाजता, डबा उघडायला आणि फोन वाजायला एकच गाठ पडली. तिथं चार वाजले होते, त्याची पाळी सुटली होती.

"मॅडम... विसरलो."

"उतरताना?"

"सवयच न्हाय की! बस थांबली, दार उघडलं, गेलो बाहेर. आत कार्ड ओरडत असंल माझ्या नावानं."

दुसऱ्या दिवशी परत दीड वाजता. "परत विसरलो." तिसऱ्या दिवशी परत. आरोही त्याला झापायची, तो ऐकून घ्यायचा. झापून झालं की मग बाकीचं निघायचं... वॉर्डातले म्हातारे, ढोबळी मिरचीची न पटणारी भाजी, रिचार्जच्या मशीननं तीनदा परत ढकललेली चुरगळलेली नोट आणि मागं गुपचूप उभी राहिलेली रांग. मॅडमची आरोही कधी झाली, तुम्हीचं तू कधी झालं, दोघांनाही कळलं नाही. दीडला पाच कमी असले की आरोही केस सारखे करायची. फोनवर केस दिसत नाहीत, हे तिला माहीत होतं. तरी करायची.

सप्टेंबरमध्ये एकदा त्यानं बसमधूनच फोन लावला. काहीतरी सांगत होता, आणि मध्येच एक बाईचा आवाज आला, अगदी त्याच्या कानाजवळून. "योगी! टॅप, टॅप!" मग हसणं. दोघांचं.

"कोण रे ती?"

"जोसलिन. फिलिपिन्सची. माझ्याच वॉर्डात नर्स हाय. आता रोज शेजारीच बसती, आठवण करती."

"बरं झालं," आरोही म्हणाली, आणि हातातला भाकरीचा तुकडा तिनं परत डब्यात ठेवला.

योगी! चार महिने ती त्याला शिवयोगी म्हणत होती, पूर्ण नावानं, आणि ही कोण टिकोजीराव त्याच्या नावाचे दोन तुकडे करणारी? रोज शेजारी बसते म्हणजे किती शेजारी? आणि आठवण करताना नुसतं बोलते, की कोपराला हातही लावते? आरोहीच्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. त्या दुपारी तिनं दोन गिऱ्हाइकांना दुबईऐवजी सिंगापूरचं पॅकेज समजावलं, आणि मग स्वतःवरच चिडून पाणी प्यायली.

दोन दिवसांनी त्यानं स्टेटसला फोटो टाकला. जोसलिन पावाला काहीतरी लावून खात होती, डोळे मिटून. आरोहीनं फोटो मोठा केला. सरळ, चकचकीत केस. गालावर खळी. अजून मोठा केला... आणि टेबलावरचा डबा ओळखला.

"जोसलिनला चटणी लई आवडली," खाली लिहिलं होतं.

तिची चटणी! आईनं उखळात कुटलेली, तिनं स्वतः डब्यात दाबून भरलेली! खळी परवडली, पण चटणी नाही. हे सगळं तिला मनातल्या मनातच म्हणावं लागत होतं, कारण म्हणायचा हक्क काय होता? ती ना त्याची कुणी, ना त्यानं कधी काही विचारलेलं. तिनं त्याला फक्त बसमधून उतरायला शिकवलं होतं, आणि आता तेही काम दुसरीनं घेतलं होतं.

फोन तर अजून यायचे, पण सांगायला ‘विसरलो’ नसायचं. "जेवलीस का?" "हो." "ऊन हाय का?" "आहे." असं दोन मिनिटांत संपायचं. नोव्हेंबरअखेर तिनं फोन उचलणंच सोडलं. दीड वाजता मोबाईल पालथा घालायची, आणि तो थरथरायचा थांबेपर्यंत डब्याकडं बघत बसायची. त्याच रागात एक दिवस आईला म्हणाली, "लातूरच्या त्या बँकवाल्यांना बोलव बघायला. संक्रांतीनंतरच्या रविवारी."

आईचा आनंद बघून तिला रडू आलं, पण शब्द गेला होता.

*

रविवार दोन दिवसांवर आला. गावात गड्ड्याची जत्रा भरलेली, पाळण्यांचे आवाज पार नवी पेठेपर्यंत येत होते. शुक्रवार होता, दुपारचा एक वाजला होता. आरोही मान खाली घालून व्हिसाचा फॉर्म भरत होती.

टिंग!

तिनं वर पाहिलं. शिवयोगीच्या हातात आज आधार कार्ड नव्हतं. हिरवं, कोपरे झिजलेलं, बसचं खरं कार्ड होतं.

"जत्रेला आलास?" तिनं शक्य तितक्या कोरडेपणानं विचारलं.

"फोन का उचलत न्हवतीस?"

"काम असतं मला. आणि जोसलिन आहे की आठवण करायला."

"तिचंच सांगायला आलोय."

आरोहीच्या हातातला पेन थांबला. हेच ऐकायचं राहिलं होतं.

"तिनं मला सिनेमाला विचारलं," शिवयोगी म्हणाला.

"मग?"

"गेलो."

"गेलास!"

हुसेनसाबांनी टोपी डोक्यावर घातली. "जुम्मे की नमाज कू जाता मैं," म्हणाले आणि अर्धा तास आधीच बाहेर पडले.

"येताना बसमधनं उतरलो," शिवयोगी खाली बघत बोलत होता. "तिच्या आधी मी कार्ड टेकवलं, न बघता. तुझ्या फोनचं तिला मीच सांगितलं होतं, तिनं माझ्याकडं बघितलं. म्हणाली, तुला तर सगळं येतंय. मग त्या पोरीला रोज फोन करून ‘विसरलो’ का सांगत होतास?"

"म्हणजे?"

"पहिला आठवडा खरंच विसरलो, आरोही. मग न्हाय विसरलो कधी."

"चार महिने खोटं बोललास?"

"व्हय की! फोन करायला काहीतरी कारण पाहिजे. तू झापायचीस, मला गावात असल्यासारखं वाटायचं. त्या दिवशी ती कानाशी ओरडली, माझं कारणच गेलं. दुसरं सापडंना." तो थांबला. "चटणी तिनं फ्रीजमधनं न विचारता घेतली. मी एवढुशीच खात होतो रोज. तूच म्हणाली होतीस, लवकर संपवू नका."

आरोहीला हसावं की त्याच्या डोक्यात बेल घालावी, कळेना. छातीत काहीतरी सैल सुटलं होतं. पण इतके महिने ती जळत बसली होती, आणि ते असं दोन वाक्यांत माफ करायला ती काही संत नव्हती.

"रविवारी पाहुणे येणारेत," ती फॉर्मकडं बघत म्हणाली. "मला बघायला."

शिवयोगी हातातलं कार्ड उलटसुलट करायला लागला.

"कोण?"

"बँकेत आहे. लातूरचा."

"...उंच हाय का?"

"फोटोत तरी दिसतो."

"फोन करतो?"

"मेसेज करतो. कविता असते शेवटी."

शिवयोगीचा चेहरा असा झाला, की आरोहीला जन्मात इतकं बरं वाटलं नव्हतं. तिनं त्याला पुरती दोन मिनिटं तसंच ठेवलं.

"त्यांना नको म्हण," तो शेवटी म्हणाला. "मला तू पाहिजेस. न्हायतर तितं कुणाला सांगू रोज, काय विसरलो, काय न्हाय? रविवारी आईला घेऊन मीच येतो. वर्षानं कंत्राट संपतंय, तू म्हणशील तसं करू. इथं, न्हायतर तितं."

आरोहीनं परत फॉर्ममध्ये डोकं घातलं. कानाच्या पाळ्या मात्र लाल झाल्या होत्या.

"आधी जा," ती हळूच म्हणाली. "आईला सांग जा."

तो उठला. दारापर्यंत गेला, थांबला, आणि कार्ड पुढं करत बेलकडं परत आला. आज तो विसरला नव्हता.

तिनं पटकन बेलवर तळहात ठेवला. कार्ड तिच्या हाताला टेकलं... आणि तिथंच राहिलं.

"आज नाही टेकवायचं," ती म्हणाली.

तो बाहेर गेला आणि फुटपाथवर, भर उन्हात, काचेतून बघत उभा राहिला. आरोहीनं त्याच्याकडं बघतच फोन लावला.

"आई, लातूरला आत्ताच कळव, येऊ नका म्हणून. हो, मीच सांगतेय... आणि ऐक, रविवारचे पोहे राहू देत. पाहुणे तेवढे बदललेत."