पाचव्या दिवसाची बडबड

मला ही गोष्ट सांगायची हौस नाही. पण बायको म्हणते, "पोटात ठेवून कूस बदलत बसता, त्यापेक्षा लिहून मोकळे व्हा." चारच बुकं शिकलेला माणूस मी. काही चुकलं तर तिला विचारा.

आम्ही दोघं लेकीकडे राहतो. जावई मोठ्या दवाखान्यात डेंगीचे रुग्ण मोजतो. कोण कधी आला, कुठं राहतो, ताप कधी उतरला, रक्तातल्या पेशी किती खाली गेल्या, सगळं वहीत. मग रुग्णाच्या घरी जाऊन साठवलेल्या पाण्यात बॅटरी मारायची, डासांच्या अळ्या शोधायच्या. तीन वर्षं हेच. त्यानं वहीत एक रकाना पदरचा आखला होता: तापाच्या पाचव्या दिवशी रुग्ण काय बडबडला. मोठे डॉक्टर हसायचे. "अहो, तापात माणूस बडबडणारच. ती काय नोंद झाली?" जावई हट्टी. लिहीत राहिला.

एका दुपारी तीन वर्षांच्या वह्या शेजारी शेजारी मांडताना त्याचा हात थांबला. एक शिंपी बडबडला होता, "जिन्याखाली निळं पिंप... झाकण तिरकं आहे..." शिंप्याच्या घराला जिनाच नव्हता. जिना होता त्याच्यानंतर आलेल्या बाईच्या घरी, आणि तिथलं निळं पिंप जावयानं स्वतः उपडं केलं होतं. त्या बाईनं गच्चीवरचं टायर सांगितलं होतं. टायर निघालं तिच्या पुढच्या रुग्णाच्या गच्चीवर. पानं उलटता उलटता जावयाच्या ध्यानात आलं. जो तो पुढच्याचं घर सांगत होता. कधी पाय न ठेवलेलं.

तो उठला आणि थेट वॉर्डात गेला. फिनेलचा वास. पंखा कुरकुरत होता. मच्छरदाणीत सगळ्यात शेवटी आलेला रुग्ण, एक ट्रकवाला. त्याचा पाचवा दिवस. जावई कानाशी वाकला.

"दादा, काय दिसतंय?"

"खाटेखाली ग्लास..." ट्रकवाल्याचे ओठ सुकले होते. "पाण्यात दात आहेत... हसतायत..."

दात माझे.

जावई धापा टाकत घरी आला. माझी खाट सरकवली, ग्लास बॅटरीच्या उजेडात धरला. कवळीच्या फटींतून अळ्या वळवळत होत्या.

"मामा, पाणी कधी बदललं होतं?"

"सकाळी. रोज बदलतो."

"अळी एवढी वाढायला आठवडा लागतो. खोटं बोलू नका. घरात आठ वर्षांची पोर आहे."

"ती माझीही नात आहे."

लेक आणि बायको दारात उभ्या होत्या. माझी बाजू घ्यायची सोडून दोघी बादल्या उचलायला धावल्या. घरातलं थेंब न् थेंब पाणी मोरीत गेलं. तिसऱ्या दिवशी नातीला ताप भरला, त्याच वॉर्डात दाखल केली.

तापाच्या पाचव्या दिवशी तिच्या पेशी अठरा हजारांवर आल्या. जावई वही घेऊन उशाशी बसला होता. पोरीचा हात एका हातात, पेन दुसऱ्यात. पुढचं घर कळलं तर निदान तिथं तरी आधी पोचू, असं त्याला वाटत होतं.

"चिमणे, काय दिसतंय गं?"

तिनं डोळे उघडले. आवाज तिचाच, पण फार चालून आलेल्या माणसाचा.

"आता नाही जायचं कुठं... खूप घरं झाली... इथंच बरं आहे."

दुसऱ्या दिवशी पेशी चढायला लागल्या. आठवड्यानं नात घरी आली. वॉर्डात तेव्हापासून डेंगीचा एकही नवा रुग्ण नाही. साथ आटोक्यात आली म्हणून मोठ्या डॉक्टरांनी जावयाची पाठ थोपटली.

पण दुपारी नात झोपली की तिच्या खोलीतून पाणी हिंदकळल्यासारखा आवाज येतो. खोलीत साधा तांब्यासुद्धा ठेवत नाही आम्ही. जावयालाही ऐकू येतो तो. उंबऱ्याशी थांबून ऐकतो, दार हळूच ओढून घेतो, आणि आल्यागेल्याला अजून सांगतो की ताप म्हाताऱ्याच्या ग्लासातून आला. माझी माफी मागायची राहिली आहे ती त्यानंच. आमच्या जावयानं.