बुडबुड्यांची परीक्षा

लोणावळ्याच्या एका हॉटेलात स्कूबा डायव्हिंगचा वर्ग सुरू होण्याआधीच प्रशिक्षक अमृताने बुडणारा माणूस वाचवला. तो स्विमिंग पूलच्या तळाशी बसला होता... कितीतरी वेळ. तिने कपड्यांनिशी उडी मारली आणि केसांना धरून त्याला वर ओढलं.

"सोडा की मॅडम! फरशी बघत व्हतो."

हा तिकोणा पेठ गावचा स्वराज. पवनेच्या पाण्यात वाढलेला, धरणाकाठी तंबू भाड्याने देणारा, आणि तिचाच नवा विद्यार्थी. अमृता हादरली.

"स्कूबाचा पहिला नियम — श्वास कधीच रोखायचा नाही! पाठीवरच्या टाकीतली हवा कोंडून वर आलात तर फुप्फुस फाटेल."

"म्हंजे लहानपणापास्नं शिकलो तेच इसरायचं?"

"आधी तेच."

वर्ग संपत आला; पास होणाऱ्यांना पुढे मालवणच्या समुद्रात उतरायचं होतं. परीक्षा एकच: तळाशी बसून श्वास चालू ठेवायचा, बुडबुडे थांबले की नापास. बाकीचे पास झाले, स्वराज राहिला. मदतनीस सत्यम समोर असला की स्वराजचे बुडबुडे उकळत्या चहासारखे यायचे. परीक्षेला अमृता समोर आली की — बंद.

"पुन्हा नापास."

"मालवणात घटकाभर मासे बघायचेत, मॅडम. पोरगी बघताना बी इतकी परीक्षा घेत न्हाईत. ज्याला पोहायलाच येत न्हाई त्याला आन मला एकच नियम?"

"एकच. आता शेवटची संधी. नाही जमलं तर मालवण विसरा."

स्वराजचा चेहरा उतरला. "एक सांगू? तुमी समोर आलात की श्वास... आपोआप अडकतो. त्याला कोणता नियम हाय?"

अमृताने घाईघाईने मास्क चढवला — उलटा. मग सुलटा.

दोघं तळाशी समोरासमोर बसली. वर धुकं, खाली निळी फरशी. स्वराजने थेट तिच्या डोळ्यांत पाहिलं... आणि शहाण्यासारखा श्वास सोडला. पुन्हा घेतला. पुन्हा सोडला. मध्येच हसला, मास्कमध्ये पाणी शिरलं, तरी थांबला नाही.

दोघं वर आली तेव्हा काठावर सत्यम भूत पाहिल्यासारखा उभा होता.

"ताई, तुमची टाकी तपासू का?"

"का रे?"

"बुडबुडे एकट्या स्वराजभाऊंचेच येत होते! तुमचे वर निघताना एकदम भसकन आले."

अमृता कानापर्यंत लाल झाली. स्वराज अत्यंत गंभीर चेहऱ्याने तरंगत होता.

"मॅडम... पयलाच नियम की वो."

"तुम्ही पास," ती पुटपुटली.

"आन तुमी?"

"नापास." तिने मास्क पुन्हा डोळ्यांवर ओढला. "मालवणला निघेपर्यंत माझी तयारी करून घ्यायची. रोज — समोर बसून. नियम सगळ्यांना एकच."