नळ फुसफुसल्यावर

भिंत कोमट.

चंद्रवस्तीच्या जलकक्षात हेरंब खोत पुन्हा पुन्हा गळती शोधत होता आणि गळती काही सापडत नव्हती. मुख्य टाकीचा काटा मात्र सकाळपासून उतरत गेला होता. सकाळी त्यानंच घोषणा केली होती: गाळणी बदलायची आहे, दुपारी तासभर नळ बंद राहतील. गाळणी बदलून झाली, तास उलटला. पाणी आलं नाही.

घराघरांतून फोन.

— भिंतीत गुडगुडतंय.

— भिंत खाली कोमट, वर गार. असं कसं?

"वरच्या नळ्यांत हवा अडकलीय," हेरंब सांगत होता. "कोपऱ्यातली चावी सैल करा. पाणी दिसलं की बंद करा."

— केली सैल. पाणी दिसेना.

भिंत गार.

बाहेर चंद्रावरची रात्र, पंधरवड्याची. घरं तापायची ती भिंतींतून फिरणाऱ्या गरम पाण्यावर, उष्णजालिकेवर. दुसरी सोय नव्हती.

घरून बायकोचा, नीलमचा, फोन आला. "हेरंब, बाळाचे पाय गार लागतायत."

"दुपट्यात गुंडाळून पोटाशी धर."

"धरलंय रे. गरम पाण्याची पिशवीही दिली, पण ती किती वेळ पुरणार? पाण्याची ददात नाही म्हणा. तू सकाळी सांगितलंस, आत्यांनी लगेच भरून ठेवलं. पिंप, कळश्या, कुकर, इडलीपात्र. बाळाचा टबसुद्धा."

हेरंबनं फोन चालूच ठेवला आणि शेजारी उभ्या राहून ऐकणाऱ्या डॉ. परकारांकडे पाहिलं. वस्तीचं जलचक्र त्यांनीच आखलेलं.

"सापडली तुझी गळती," परकारबाई म्हणाल्या. "पृथ्वीवर तू पिंप भरलंस तर धरणाला पत्ता लागत नाही. इथे धरणच नाही. आहे तेवढंच पाणी फिरतं. मोरीतून भिंतीत, भिंतीतून गाळणीत, गाळणीतून नळाला. पिंपात ठेवलं की त्याचं फिरणं संपलं."

"म्हणजे टंचाई नव्हतीच."

"तू घोषणा करेपर्यंत नव्हती."

"मग सांगू या सगळ्यांना. पाणी कमी पडतंय, मोरीत ओता."

"पाणी कमी पडतंय हे ऐकून तुझी आत्या ओतेल?"

आत्या उरलेल्या वाट्याही भरून ठेवील. हेरंबनं फोन कानाला लावून आत्याला बोलावलं. "आत्या, पाणी येतंय. शिळं ओतून टाक."

"येऊ दे की," आत्या म्हणाली. "ताजं आल्यावरच शिळं ओतायचं. नळ फुसफुसल्याशिवाय मी थेंब सांडायची नाही. तुझा तास किती लांबला ते बघितलंय मी."

फुसफुसल्याशिवाय.

"बाई, नळांत राखीव हवा सोडली तर?"

परकारबाईंनी राखीव हवेच्या टाकीवरचा आकडा पाहिला. मग म्हणाल्या, "एकदाच पुरेल एवढी आहे. आणि नळ्यांत उरलंय तेही पाणी ती बाहेर ढकलेल. लोकांनी ओतलं नाही तर पंप कोरडा पडेल. नळ्या गोठून फुटतील. मग भिंती तापणार नाहीत, आज काय आणि उद्या काय."

फोनमध्ये बाळ रडत होतं. रडणं बारीक झालं होतं.

हेरंबनं वॉल्व्ह फिरवला.

काही नाही.

काही नाही.

मग फोनमधून, लांबून: फुस्स. नळ खोकला, थुंकला, पुन्हा फुसफुसला.

"आलं गं, नीलम," आत्याचा आवाज. "ऊठ, कळश्या रिकाम्या कर. शिळं सगळं मोरीत."

पाणी ओतल्याचा आवाज चंद्रावर संथ असतो. धार आळसावून पडते. हेरंब श्वास रोखून ती ऐकत राहिला. घरोघर तेच चाललं असेल, की फक्त आपल्याच घरी? काटा थरथरला. थांबला. मग चढू लागला.

भिंत गरम.

"पाय उबदार झालेत," नीलम म्हणाली. "डोळा लागला बाळाचा."

हेरंब भिंतीला पाठ टेकून बसला. परकारबाई हसल्या. "वस्तीतल्या लोकांना तू त्यांचंच पाणी ताजं म्हणून विकलंस."

तेवढ्यात फोनमधून आवाज आला. पोकळ, मग भरीव, वर वर चढत जाणारा. कळशी भरत आल्याचा आवाज.

"आत्या, काय करतेयस?"

"भरून ठेवतेय. शिळं ओतलं ते कशासाठी? ताजं भरायलाच ना. पिंप झालं. आता टब."

"आत्या, नको. थांब."

"का? जाणारेय का पुन्हा?"

हो म्हणावं तर ती आणखी भरणार. नाही म्हणावं तर विश्वास ठेवणार नाही. हेरंबनं राखीव हवेच्या टाकीकडे पाहिलं. रिकामी. मग पाण्याच्या काट्याकडे.

त्यानं हात मागे नेऊन भिंतीला टेकवला.

कोमट.