बसते, पण जुळत नाही

शनिवारी मिसोच्या कारखान्यातून सुटल्यावर नोबुओ घरी गेला नाही. तो स्टेशनामागच्या गल्लीत, ओगुचींच्या जुन्या कॅमेऱ्यांच्या दुकानाकडे वळला. काखेत जांभळ्या कापडात बांधलेला बाबांचा कॅमेरा होता. अंगाला आंबवलेल्या सोयाबीनचा वास येत होता आणि नेहमीप्रमाणे त्याला त्याची लाज वाटत होती.

ओगुची स्टोव्हजवळ बसून संत्रं सोलत होते.

"ये रे, मियासाकाच्या पोरा. आधी दार लाव. थंडी आत येऊन बसते आणि विकत काही घेत नाही."

नोबुओने दार लावलं. कापडाची गाठ सोडून त्याने कॅमेरा काउंटरवर ठेवला.

"काका, याला लांबची लेन्स हवी होती."

"लांबची कशाला? चंद्र बघायचाय?"

"बाबांचा फोटो काढायचाय. त्यांना न कळता."

ओगुचींचा संत्र्यावरचा अंगठा थांबला. कुठला फोटो, हे त्यांनी विचारलं नाही. त्या गावात म्हातारी माणसं तो फोटो जिवंतपणीच काढून ठेवतात. पुढे काळ्या चौकटीत घालून देव्हाऱ्याजवळ ठेवायचा असतो तो.

आईचा तसा फोटो काढायचा राहून गेला होता. ती अचानक गेली, तेव्हा कारखान्याच्या सहलीच्या फोटोतल्या घोळक्यातून तिचा नखाएवढा चेहरा कापून मोठा करावा लागला. मोठा करता करता तो विरघळला. बाबांनी उभा जन्म चष्म्या-कॅमेऱ्यांच्या काचांच्या कारखान्यात भिंगं घासून गुळगुळीत करण्यात काढलेला. रोज सकाळी तिच्यापुढे चहा ठेवताना ते म्हणायचे, "आयुष्यभर लोकांना स्पष्ट दिसावं म्हणून काचा घासल्या, आणि बायकोला हात जोडतो तर समोर धुकं." नोबुओचं तर त्याहून वाईट झालं होतं. डोळे मिटून आई आठवायला गेलं की त्यालाही आता फोटोतली ती धूसर आईच दिसायची. खरा चेहरा कुठे गेला, कळत नव्हतं.

आता बाबांची पाळी होती. वसंतापलीकडचं काही बोलायचं डॉक्टर टाळत होते. आणि समोर कॅमेरा आला की बाबांचा चेहरा सरकारी शिक्क्यासारखा होऊन जायचा.

"उद्या तळ्यावर जाणार आहेत," नोबुओ म्हणाला. "किती वर्षांनी बर्फ धरलाय. भोक पाडून मासे धरायचेत म्हणतात. ऐकत नाहीत."

"तुझा बाप तोकुजी कधी कुणाचं ऐकायचा?" ओगुची उठले आणि मागच्या कपाटातून त्यांनी दोन लेन्स आणून ठेवल्या. "ही तुझ्या कॅमेऱ्याचीच. पण आत बघ."

नोबुओने ती उजेडाकडे धरली. काचेच्या आत कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी पसरली होती. असल्या लेन्सने काढलेला फोटो बाबा पहिल्या नजरेत ओळखतील. पुन्हा धुकं.

दुसरी मात्र पाण्यासारखी नितळ होती. त्याने ती कॅमेऱ्याला लावली. टक् असा गोड आवाज करून ती बसली.

"बसली, काका."

"बसते. पण जुळत नाही." ओगुचींनी लेन्सच्या नळीवर कोरलेलं बारीकसं 'सी' हे इंग्रजी अक्षर नखाने दाखवलं. "ही बनली इथेच, पण जर्मन कॅमेऱ्यासाठी. तुझा कॅमेरा त्याच घाटाचा, म्हणून तोंडाला तोंड बसतं. आतली चाल मात्र केसभर वेगळी. जवळचं दाखवणाऱ्या लेन्सना ते खपून जातं, लांबच्यांना नाही. माझ्या लग्नासारखं आहे बघ. घराणी जुळली, उंची जुळली, आणि जन्मभर मी बोलायचो एकाबद्दल, ती ऐकायची मागच्याबद्दल."

नोबुओ कसनुसं हसला. "म्हणजे होतं काय?"

"कॅमेऱ्याच्या खिडकीला डोळा लावलास की तुला माणसाची दोन चित्रं दिसतात ना? चाक फिरवून ती एकावर एक आणतोस. कॅमेऱ्याला वाटतं, माणूस सापडला. पण लेन्स बघत असते त्याच्या पाठीमागे. माणूस पुसट येतो आणि मागचं लख्ख."

"आणि चित्रं जुळल्यावर चाक थोडं परत फिरवलं तर?"

"तर अंदाज लागेलही." ओगुची जरा घुटमळले. "याआधी नेली होती लोकांनी. परत आणून देतात. तक्रार काय ते सांगत नाहीत."

नोबुओने बुरशी धरलेली लेन्स पुन्हा एकदा उजेडाकडे धरली. मग नितळ लेन्स कापडात बांधून घेतली.

रविवारी दुपारी तळ्यावर वारा नव्हता. वर आभाळ पांढरं, खाली बर्फ पांढरा, मधला काठ कुणीतरी बोटाने पुसल्यासारखा. बाबांनी भोक पाडलं, सफरचंदाचं लाकडी खोकं पालथं घालून त्यावर बसले आणि गळ सोडला.

"तू काठावरच थांब. तुझ्या पावलांनी मासे पळतात."

"थंडी वाजली तर हाक मारा, बाबा."

"थंडी वाजली तर सूप पाठव. हाक कसली मारायची."

तेवढ्यात दूरवर बर्फ गुरगुरला. कण्हल्यासारखा तो लांबलचक आवाज तळ्याच्या या टोकाकडून त्या टोकाकडे सरकत गेला. कडाक्याच्या थंडीत इथला देव पलीकडच्या काठावरच्या आपल्या देवीला भेटायला निघतो आणि त्याच्या चालण्याने बर्फ दुभंगतो, असं सगळे मानतात. बाबांनी मान वर केली.

"निघाला वाटतं," ते म्हणाले. "देवालासुद्धा बायको थंडीतच आठवते."

नोबुओ काठावरच्या उंच, वाळक्या बोरूंच्या आड जाऊन उभा राहिला. उजेड मंद होता, त्यामुळे लेन्स पूर्ण उघडी ठेवावी लागली. खिडकीत बाबांची दोन चित्रं दिसली, एकमेकांपासून जरा सरकलेली. चाक फिरवलं, दोन्ही एक झाली. मग ओगुचींशी बोलणं झालं होतं तसं त्याने चाक थोडं परत फिरवलं आणि बटण दाबलं. बाबांना पत्ता नव्हता. त्यांचा चेहरा मोकळा होता, ओठ हलत होते. माशांशी बोलत असावेत. नोबुओला बरं वाटलं. जमतंय, असं वाटलं.

तो फोटो काढत राहिला. बर्फ अधूनमधून गुरगुरत होता, दर वेळी थोडा अधिक जवळून. बाबांच्या मागे नुसता पांढरा सपाट विस्तार होता.

फिल्म संपत आली, तेव्हा एक विचित्र गोष्ट झाली. बाबांची दोन चित्रं जुळेनात. चाक या टोकाला नेलं, त्या टोकाला नेलं... एक चित्र खोक्यावर बसलेलं. दुसरं त्याच्या जरा मागे आणि जरा उंच. जणू एक बाबा बसून होते आणि दुसरे उठून उभे राहिले होते.

बोटं गारठली असतील. नोबुओने श्वास रोखला आणि तसंच बटण दाबलं.

मग कॅमेरा खाली घेऊन पाहिलं. बाबा खोक्यावर बसूनच होते. फक्त ओठ हलायचे थांबले होते.

सोमवारी कामावरून तो परस्पर दुकानात गेला. मागच्या खोलीत लाल दिव्याखाली ओगुचींनी पहिला कागद औषधात बुडवला. आंबूस वास सुटला. हळूहळू पांढऱ्यावर काळं उमटू लागलं.

बाबा पुसट आले होते. आईच्या फोटोसारखेच.

"चाक परत फिरवलं होतंस ना?"

"दर वेळी फिरवलं, काका."

"हं." ओगुचींनी कागद उचलून पाणी निथळू दिलं. "मागे कोण होतं?"

"कुणी नव्हतं."

ओगुचींनी कागद दिव्याजवळ धरला. बाबांच्या मागे, बर्फात फार दूर, मुंगीएवढी एक आकृती होती. लहान असली तरी सुईने कोरल्यासारखी स्पष्ट.

दुसऱ्या कागदावर ती जवळ आली होती. पांढरा एप्रन, डोक्याला रुमाल. तिसऱ्यावर आणखी जवळ. ताज्या हिमावर बाबांच्या पावलांचे पुसट ठसे दिसत होते. तिच्यामागचं हिम स्वच्छ होतं.

"काका, हे..."

"थांब. शेवटचा राहिलाय."

शेवटच्या कागदावर चेहरा आला, तेव्हा नोबुओ त्यावर वाकला. डाव्या डोळ्याखाली तीळ. हसताना एकीकडे झुकणारा ओठ. तो हे सगळं विसरला होता आणि विसरलोय हेही त्याला कळलं नव्हतं. आई होती. पापणीचा केस न् केस मोजता यावा, इतकी लख्ख.

तिच्या शेजारी बाबा उभे होते. तेही तितकेच लख्ख. तिचा हात त्यांच्या बाहीवर होता आणि बाबा थेट कॅमेऱ्याकडे बघत होते. चेहऱ्यावर तो सरकारी शिक्का नव्हता. असा फोटो मिळावा म्हणूनच नोबुओने सगळा खटाटोप केला होता.

आणि त्या दोघांच्या पुढे, खोक्यावर, वाकून बसलेलं काहीतरी पुसट होतं.

ओगुचींनी नळ बंद केला. 

"लेन्सचं काय करू?" नोबुओने विचारलं.

"तुझ्याकडेच राहू दे," ओगुची हलक्या आवाजात म्हणाले. "परत आणू नकोस. आणि... आता ती कुणावर रोखू नकोस."

घरी बाबा कोतात्सूच्या, म्हणजे खाली शेगडी असलेल्या बुटक्या मेजाच्या, रजईखाली पाय घालून बसले होते. किटलीतून वाफ येत होती. नोबुओने कोट काढायच्या आत त्यांनी हात पुढे केला.

"आण."

"काय, बाबा?"

"बोरूंच्या आडून लपाछपी खेळत होतास, ते. जन्मभर भिंगं घासली मी. उन्हाशिवाय चमकणारी काच मला दिसणार नाही होय?"

शेवटचा फोटो खिशातच ठेवावा, असं नोबुओने वाटेत ठरवलं होतं. पण बाबांना खोटं सांगणं त्याला कधी जमलं नव्हतं. त्याने फोटो पुढे केला.

बाबांनी ड्रॉवरमधून आपल्या कारखान्यातलं जुनं भिंग काढलं, डोळ्याला लावलं आणि सवयीप्रमाणे कोपऱ्यापासून सुरुवात केली. भिंग कागदावरून इंच इंच सरकत होतं. मध्ये ते थांबलं. खूप वेळ थांबलं.

"तीळ आलाय तिचा," बाबा म्हणाले.

नोबुओ त्यांच्यासमोर येऊन बसला.

"काच चांगली आहे. हाच लाव माझा. कापाकापी करू नकोस, दोघांचा मिळून लाव. ते धुकं काढून टाक तिथून."

"हो, बाबा."

भिंग पुन्हा सरकू लागलं. खाली उतरलं आणि खोक्याजवळ येऊन अडलं. बाबांनी कागद डोळ्याजवळ नेला, लांब धरला, पुन्हा जवळ आणला.

"नोबू... माझ्या जागेवर हा कोण बसलाय?"

नोबुओने मान वर केली. किटलीची वाफ मध्ये येत होती, म्हणून त्याने किटली उतरवून बाजूला ठेवली. तरी बाबांचा चेहरा नीट दिसेना. त्याने डोळे चोळले. बाबांच्या मागे भिंतीवर भातगिरणीचं कॅलेंडर होतं. त्याच्यावरचं अगदी बारीक अक्षरही त्याला बसल्या जागेवरून स्वच्छ वाचता येत होतं.